नवे बुश आठ महिन्यांत का फाटले? ट्रायम्फ स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल

प्रश्न अमळनेरहून आला आहे. थोडक्यात असा: काकांकडून आलेली ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ घरात आहे. वर्षभरापूर्वी पुढच्या सस्पेन्शनचे सगळे रबर बुश (सांध्यांत बसणाऱ्या रबर भरलेल्या नळ्या) इंग्लंडहून मागवले आणि एका गॅरेजमधून बदलून घेतले. सुरुवातीला गाडी छान चालली, फक्त पुढून थोडी उंच दिसायची. गॅरेजवाला म्हणाला, "नवं रबर आहे, बसेल हळूहळू." आठ महिन्यांत खडखड परत सुरू झाली, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, आणि खाली वाकून पाहिलं तर डाव्या बाजूच्या खालच्या आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या हाताचे) दोन्ही बुश फाटलेले. आता पॉलियुरेथेनचे टाकावेत, जळगावच्या एमआयडीसीत करून घ्यावेत, की पुन्हा रबरच?

भाऊ, बुश कशाचे टाकायचे ते नंतर बघू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: गाडी पुढून थोडी उंच दिसायची. बुशाचे नट गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना कसले गेले आहेत. तसं असेल तर इंग्लंडचं रबर टाका नाहीतर जर्मनीचं, ते वर्षभराच्या पुढे जायचं नाही.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तेव्हा धुळ्यात आग्रा रोडच्या एका गॅरेजमध्ये मी शिकाऊ होतो. आमच्याकडे स्पिटफायर कुठून येणार? पण स्टँडर्ड हेराल्ड यायच्या. १९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड निघाली, आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी तीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनवू लागली. १९६२ साली कॉव्हेंट्रीत हेराल्डचीच चेसिस आखूड करून तिच्यावर दोन माणसांची स्पोर्ट्स कार बसवली, ती ही तुमची स्पिटफायर. दोन्हींचं रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने रेखाटलेलं. पुढचं सस्पेन्शन तर जवळपास जसंच्या तसं उचललेलं: तेच दोन आर्म, तोच पितळी ट्रुनियन (चाकाचा उभा खांब ज्यात फिरतो तो खालचा जोड), तसेच बुश. मोठा फरक म्हणजे स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक, आपल्या हेराल्डला ड्रम. म्हणून सांगतो, तुमच्या भागात हेराल्डवर काम केलेला एखादा म्हातारा मिस्त्री सापडला तर त्याला चहा पाजा. इंटरनेटवर रात्ररात्र शोधून जे हाती लागत नाही ते त्याच्या बोटांत असतं.

तर एका गिऱ्हाइकाच्या हेराल्डचे बुश मी मोठ्या हौसेने बदलले, सगळं करकचून कसलं आणि गाडी दिली. सहा-सात महिन्यांनी गाडी परत. मी म्हटलं, रबरच हलकं होतं. आमचे उस्ताद खाली वाकले, टॉमीने आर्म हलवून बघितला आणि म्हणाले, "भो, आवाज रबरना नही शे, तुन्ही घाईना शे." मग त्यांनी एक फाटका बुश हातात दिला आणि तो कसा चालतो ते समजावलं. तेच तुम्हाला सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं काम नुसतं पान्याचं आहे.

या बुशात तीन थर असतात. बाहेर पत्र्याची नळी, आत जाड लोखंडी नळी, आणि दोघींच्या मध्ये रबर, दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात प्रेसने घट्ट बसते. आतली नळी बोल्ट कसला की ब्रॅकेटच्या दोन कानांत आवळली जाते, ती फिरूच शकत नाही. मग चाक वर-खाली होताना आर्म फिरतो कशावर? कशावरच नाही. रबर पिळलं जातं. दरवाजाच्या बिजागरीसारखं इथे काही घसरत नाही, रबर स्वतःच पीळ खातं आणि परत सरळ होतं. म्हणून या बुशाला ग्रीस लागत नाही, आणि कोणी ग्रीस किंवा डिझेल मारलं तर रबर फुगून खराब होतं.

आता बघा. गाडी घोडीवर (टेकूच्या स्टँडवर) आहे, चाक लोंबतंय, आर्म पार खाली झुकलाय. त्या वेळी नट कसला की रबराच्या दृष्टीने तीच सरळ अवस्था ठरली. गाडी जमिनीवर उतरवली की आर्म दहा-बारा अंश वर येतो, आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा तेवढं पिळलेलं राहतं. दिवसरात्र. रस्त्यावर खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. पिळलेलं रबर उलटं ढकलतं म्हणून गाडी पुढून उंच दिसते. तुमचा गॅरेजवाला म्हणाला तसं ते "बसतं", पण बसतं म्हणजे फाटतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर त्याहून तापतं, आणि ताणलेल्या रबराला उष्णता आणि हवा लवकर तडे पाडतात. ढिल्या रबरबँडला उन्हात ठेवा आणि ताणलेल्या रबरबँडला ठेवा, कोणतं आधी तुटतं ते घरी करून बघा.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. तुमच्या उजव्या बाजूचे बुश अजून शाबूत आहेत ना? गाडी सपाट जमिनीवर उभी करा, हँडब्रेक लावा, दोन-चार वेळा पुढून दाबून सोडा. उजव्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेपने माप घ्या. आता चाक जमिनीवरच ठेवून उजव्या बाजूच्या आर्मचे आतले नट फक्त सैल करा, काढू नका. पुन्हा दाबून सोडा आणि माप घ्या. गाडी खाली बसली तर माझं म्हणणं खरं. कधी कधी सैल करताना "टक्" असा आवाज येतो आणि आर्म हलल्याचं हाताला जाणवतं.

पण फाटलेले बुश दिसले म्हणून सगळा दोष त्यांच्यावर ढकलू नका. काम उघडण्याआधी चाक जॅकवर घेऊन हलवून बघा. वर-खाली पकडून हलवताना खेळ लागला तर तो बेअरिंगचा, वरच्या बॉल जॉइंटचा किंवा खालच्या ट्रुनियनचा असू शकतो. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर पुढचे दोन. डावी-उजवीकडे पकडून हलवताना खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. रॅकला चेसिसशी पकडणारे जे रबर असतात तेही बघा. इंजिनचं तेल गळून गळून ते लोण्यासारखे मऊ झालेले मी अनेकदा पाहिलेत. गाडी रस्त्यावर भरकटते, लोक सगळे बुश बदलतात आणि भरकटणं तसंच राहतं. आणि ब्रेकला डावीकडे ओढण्याचं एक कारण फाटलेला बुश हे खरं, पण उजवा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) अडकून दाबत नसला तरी गाडी डावीकडेच ओढते. उभ्या राहून राहून जुन्या झालेल्या गाडीत हे फार सामान्य आहे.

आता पाने. ही गाडी मिलिमीटरची नाही, इंची आहे, आणि आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. १/४ च्या बोल्टला ७/१६ चा पाना, ५/१६ ला १/२ चा, ३/८ ला ९/१६ चा, ७/१६ ला ५/८ चा, १/२ इंची बोल्टला ३/४ चा. मिलिमीटरमधला १९ चा पाना ३/४ ला चालतो, फरक केसाएवढा. ५/८ ला १६ चाही चालून जातो. पण १/२ च्या नटाला १३ चा लावाल तर तो सैल बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. नवे इंची पाने घ्यायची गरज नाही. धुळे-जळगावच्या जुन्या बाजारात, जिथे जीप आणि अँबॅसिडरची कामं व्हायची त्या गॅरेजांच्या भंगारात इंची रिंग पाने अजून मिळतात, आणि ते आजच्या चकचकीत सेटपेक्षा चांगल्या पोलादाचे असतात.

स्पिटफायरचं एक सुख आहे. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडतं. टायरवर बसून चहा पीत काम करता येतं, असं सस्पेन्शन दुसऱ्या गाड्यांत क्वचितच सापडतं. उन्हाळ्यात मात्र पहाटे पाचला सुरू करा. दहानंतर लोखंडाला हात लागत नाही.

गाडी चेसिसखाली घोड्या लावून उभी करा. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटांवर तर अजिबात नको, भाजलेली वीट सूचना न देता फुटते. मला भुसावळहून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे मिळाले होते, वीस वर्षं तेच वापरतोय. चाक काढलं की कॅलिपर सोडून तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका.

स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र निघतात. वर, टॉवरवर (चेसिसवरच्या उभ्या ब्रॅकेटवर) तीन नट आहेत, खाली आर्ममधून एक बोल्ट. ते सोडले की आख्खा जोड बाहेर येतो, स्प्रिंग दाबलेली तशीच राहते. टॉवरच्या मधोमध जो एकटा नट दिसतो त्याला पाना लावायचा नाही. स्प्रिंगला धरून ठेवणारा तोच आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो उघडला तर स्प्रिंग तोंडावर येते, आणि हा विनोद नाही. तुम्हाला फक्त बुश बदलायचे आहेत, तेव्हा त्या नटाकडे बघायचंही कारण नाही.

(एमजीबीवाले हे वाचत असतील तर थांबा. तुमच्या गाडीत स्प्रिंग खालच्या तबकडीवर मोकळी बसते, वरचा आर्म म्हणजे लिव्हरचा शॉकअपच असतो, आणि काढायची रीत अगदी वेगळी आहे. खालून जॅकचा टेकू दिल्याशिवाय तिथला एकही बोल्ट सोडायचा नाही. नट कसण्याची गोष्ट मात्र तुम्हालाही लागू.)

वरच्या आर्मचे दोन तुकडे असतात, बॉल जॉइंटला दोन बोल्टांनी जोडलेले. बॉल जॉइंट चांगला असेल तर त्याची टेपर (निमुळती दांडी) सोडवत हातोडे मारत बसू नका, ते दोन बोल्ट काढा, काम झालं. खाली ट्रुनियनचा लांब बोल्ट हाच खरा शत्रू. तो आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. आपल्याकडे हवा कोरडी आहे, पण पावसाळ्यात काळी माती चिखल होऊन तिथे भरते आणि दिवाळीपर्यंत वाळून दगड होते, ओल आत कोंडलेली राहते. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी फिरला तर फिरला. नट फिरतो पण बोल्ट जागचा हलत नाही असं असेल तर हातोड्याने ठोकून आर्मचे कान वाकवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हॅक्सॉ ब्लेड घालून कापा. नवा बोल्ट, नळी, नायलॉनचे बुश, वॉशर आणि धूळ अडवणाऱ्या चकत्या असा संच मिळतो, तो आधीच मागवून ठेवा. बोल्ट वाचवायच्या नादात लोकांनी आर्म घालवलेत.

खालच्या आर्मचे आतले ब्रॅकेट चेसिसला जिथे लागतात तिथे पातळ पत्र्या असतात, त्यांना शिम म्हणतात. प्रत्येक ठिकाणच्या मोजून, तारेत ओवून, चिठ्ठी बांधून ठेवा: डावी-पुढची किती, डावी-मागची किती. या पत्र्यांवर चाकाचा कल ठरतो. पत्र्या वाढल्या की आर्म बाहेर सरकतो, चाकाचा खालचा भाग बाहेर जातो, म्हणजे टायर आतल्या बाजूने झिजायला लागतो. पुढच्या-मागच्या पत्र्या कमीजास्त झाल्या तर चाक पुढे-मागे सरकतं आणि गाडी एका अंगाला जाते. मागच्या वेळी कोणी त्या मोजल्या होत्या का? विचारा. "पत्र्या होत्या का त्यात?" असं उलट उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा. शक्य असेल तर ब्रॅकेट चेसिसवर तसेच राहू द्या, फक्त आर्म काढा.

आर्म हातात आला की डोळ्यांभोवती आणि शॉकअपच्या बोल्टाभोवती तडे आहेत का बघा. काळी माती घासून काढल्याशिवाय तडा दिसत नाही. चेसिसवरचे ब्रॅकेट आणि टॉवरचा पायही बघा. इथे तडा सापडला तर बुशाचं काम थांबवून आधी वेल्डरकडे जा.

जुना बुश काढायला बरेच जण रबर जाळतात. धूर घाणेरडा आणि विषारी, आर्मचा रंग जातो तो वेगळा. वाइसमध्ये एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला तिच्यापेक्षा मोठं सॉकेट, आणि दाबत जा. नाही हललं तर रबर ड्रिलने भोसकून आतली नळी काढा, बाहेरची नळी ब्लेडने आतून एका जागी कापा आणि छिन्नीने आत दुमडा. ब्लेड आर्मच्या डोळ्यापर्यंत पोचलं तर चर पडते, म्हणून शेवटचा कागदाएवढा पत्रा छिन्नीसाठी सोडा. घरी वाइस नसेल तर बेअरिंगच्या दुकानाशेजारी प्रेसवाला असतोच. त्याला फक्त एक गोष्ट बजावा: दाब बाहेरच्या नळीवर द्यायचा, आतल्या नळीवर नाही. आतल्या नळीवर दाबला तर नव्या बुशाचं रबर बसवतानाच सुटतं. आर्मचे दोन कान दाबाखाली जवळ येऊ नयेत म्हणून मध्ये लोखंडी तुकडा धरा. डोळा एमरी पेपरने साफ करा, बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेरच्या नळीला साबणाचं पाणी लावा, सरळ धरा आणि दाबा. आतली नळी दोन्ही बाजूंना सारखी बाहेर राहिली पाहिजे.

आता जोडणी. सगळे बोल्ट घाला, नट हाताने आणि मग पान्याने एवढेच की आर्म आपल्या वजनाने खाली पडेल. नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत. ते महाग नसतात, पण आपल्याकडे रॉकेलमध्ये धुऊन परत लावायची सवय आहे. ट्रुनियन नायलॉनच्या बुशांवर लोखंडी नळीभोवती फिरतो, म्हणून त्याच्या लांब बोल्टाला हा जमिनीवरचा नियम नाही, तो तिथेच पुस्तिकेतल्या टॉर्कने कसला तरी चालतो. बॉल जॉइंटचे बोल्टही तसेच. जमिनीवर कसायचे ते फक्त रबराचे: वरच्या आर्मचे दोन, खालच्या आर्मचे दोन, दोन्ही बाजूंना मिळून आठ. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातही रबर आहे, तो बोल्टही त्यांच्याबरोबर शेवटी कसा.

चाकं लावून गाडी खाली घेतली की लगेच कसायला धावू नका. गाडी खाली येताना टायर आतल्या बाजूला ओढलेले असतात, रबर जमिनीला धरून बसतं आणि गाडी उंचच राहते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, पुढून दाबून सोडा. मग दोन्ही सीटवर माणसं बसवा, किंवा प्रत्येक सीटवर साधारण ७० किलो वजन ठेवा. रावेरकडे असाल तर केळीचे क्रेट, नाहीतर ज्वारीची पोती, काहीही चालेल. वरच्या आर्मचे नट बॉनेट उघडून वरून लागतात. खालच्यांसाठी खड्डा किंवा रॅम्प हवा, नाहीतर चारही चाकांखाली स्लीपरचे तुकडे घालून गाडी सारखी उंच करा.

हे शक्यच नसेल तर दुसरी रीत आहे. काम सुरू करण्याआधी, माणसं बसलेली असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप घेऊन ठेवा. तुमच्या गाडीत जुने बुश पिळलेले आहेत, म्हणून आधी सगळे नट सैल करून, गाडी दाबून सोडून मग माप घ्या, नाहीतर चुकीच्या उंचीचंच माप येईल. जोडणीनंतर गाडी घोडीवर असताना खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा, ते माप येईपर्यंत उचला आणि तिथे नट कसा. गाडी घोडीवरून उचलली जात नाही ना, एवढं बघा. हलक्या पुढच्या भागाच्या गाडीत हे होऊ शकतं. बॉनेट उघडं असेल तर मडगार्डही पुढे गेलेलं असतं, म्हणून माप चेसिसवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून घेणं बरं.

तुमचा मूळ प्रश्न: कोणता बुश? माझं मत, पुन्हा रबरच. पॉलियुरेथेन वाईट नाही. तो दोन भागांत येतो, हाताने बसतो, प्रेस लागत नाही, आणि लोखंडी नळीभोवती फिरतो म्हणून हवेत कसला तरी पीळ पडत नाही. नेमकं याच कारणाने गॅरेजवाल्यांना तो आवडतो. पण तो फिरतो म्हणजे घासतो. सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस आपल्या धुळीत मिसळलं की त्याचा एमरी पेपर होतो, आणि मग गाडी प्रत्येक स्पीड ब्रेकरला जुन्या खाटेसारखी कुरकुरते. शिवाय तो कडक आहे, चोपडा-यावल रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगपर्यंत आणून पोचवतो. शर्यतीत पळवायची असेल तर घ्या. रविवारी सकाळी भरीत खायला बामणोदला जायचं असेल तर रबर. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या सळईच्या) मधल्या बुशांना मात्र पॉली चालतो, तिथे फरक कळतो आणि त्रास नाही.

एमआयडीसीत करून घेण्याबद्दल: जळगावात लेथवर नळ्या उत्तम होतील, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. अडचण रबर लोखंडाला चिकटवण्याची आहे. त्याला साचा लागतो, चिकटवायचं रसायन लागतं, ठरावीक उष्णता आणि दाब लागतो. आठ नगांसाठी हे कोणी नीट करत नाही. मग नुसता रबराचा रोल कापून नळीत ठोकून देतात. तो पहिल्याच महिन्यात आत फिरायला लागतो. युरेथेनच्या दांड्याचे बुश लेथवर करून घेता येतात, पण मग ते पॉलीच झाले, आणि दांड्याचा कडकपणा तुम्हाला कोण सांगणार? बाहेरून मागवताना मात्र जुना पडलेला माल बघून घ्या. नख दाबलं तर रबराने परत यायला हवं, आणि कडेला बारीक भेगा दिसल्या तर तो बुश नवा असूनही म्हातारा आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्रुनियन. चाकाचा उभा खांब त्या पितळी ट्रुनियनमध्ये आट्यांवर बसतो आणि स्टिअरिंग वळवताना त्या आट्यांवरच फिरतो. याला ग्रीस नाही, तेल द्यायचं. नव्वद नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल, ऑइल गनने, वरच्या सीलमधून ताजं तेल डोकावेपर्यंत. ग्रीस आट्यांमध्ये पोचत नाही, तोंडाशी वाळून बसतं, खाली पाणी कोंडतं आणि खांब आतून गंजतो. मग एक दिवस गाडी पार्किंगमध्ये वळवताना, किंवा नशीब वाईट असेल तर घाटात, तो ट्रुनियनच्या वर तुटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. कंपनीने ६,००० मैलांवर तेल द्यायला सांगितलं होतं. आपल्याकडे गाडी एवढी चालत नाही, म्हणून मी वर्षातून दोनदा देतो, मृगाच्या आधी आणि दिवाळीला. आता खालचा आर्म सुटलेलाच आहे तर ट्रुनियन काढा, खांबाचे आटे धुऊन बघा. आट्यांच्या वरच्या बाजूला गंजाची खोल चर दिसली तर खांब नवा. इथे काटकसर नको. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात, अदलाबदल होत नाही. परत बसवताना पूर्ण वर फिरवून, चाक दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढंच उलटं सोडा, एका फेऱ्यापेक्षा कमी.

शेवटी अलाइनमेंट. संगणकावरच्या अलाइनमेंटवाल्याकडे ही गाडी यादीत सापडणार नाही, तो "दुसऱ्या छोट्या गाडीचं सेटिंग टाकतो" म्हणेल. टाकू देऊ नका. पुढची चाकं जवळजवळ समांतर, जेमतेम किंचित आत, एवढंच हवं. चार घोड्या आणि दोन सुतळ्या घेऊन अंगणातही ते जमतं. दोन्ही बाजूंचा कल सारखा आहे का ते ओळंबा धरून बघा, नसेल तर त्या पत्र्या आहेतच.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, मग धुळ्याकडे आलात तर लळिंग घाट उतरून बघा. ब्रेकला ओढणं अजूनही राहिलं असेल तर कॅलिपर उघडा, बुशाला आता हात लावू नका. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर आठही नट पुन्हा तपासा, गाडी चाकांवर असतानाच. आणि कोणाला गाडी द्यायची वेळ आली तर विंडस्क्रीनवर खडूने लिहून ठेवा: "बुशाचे नट जॅकवर कसू नये." मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर लिहितो. पुसतात, पण वाचतात आधी.